कुंडीतली लाल जास्वंद: कळ्या गळू नयेत म्हणून कामं कोणत्या क्रमाने करावीत

जास्वंदीबद्दलच्या तक्रारी तीनच असतात. कळ्या येतात पण उमलायच्या आधी गळतात, शेंडे मुरडून पांढरी कीड भरते, किंवा झाड नुसतंच वाढतं आणि फूल देत नाही. तिन्हींवर आपण बहुतेक वेळा एकच उपाय करतो, तो म्हणजे खत. केळ्याच्या सालीचं पाणी, कांद्याचं पाणी, चहाचा चोथा, कोणी सुचवलेली भुकटी. महिनाभर वाट बघून झाड आणखी खराब झालं की दुसरं आणायचं.

मी गच्चीत आणि बाल्कनीत गेली बरीच वर्षं जास्वंद लावतोय. सुरुवातीची चार झाडं मी अशीच मारली. खत हे या क्रमातलं शेवटचं काम आहे, हे फार उशिरा कळलं. आधी ऊन, मग कीड, मग छाटणी, मग माती, मग पाणी, आणि त्यानंतर खत. हा क्रम उलटा केला की प्रत्येक काम वाया जातं. आजाऱ्याला पचत नसताना पक्वान्न वाढण्यासारखंच आहे ते.

कामाला लागण्याचा उत्तम काळ म्हणजे महाशिवरात्र ते होळी. थंडी सरलेली असते, ऊन अजून भाजत नसतं आणि झाड फुटीवर आलेलं असतं. हा मुहूर्त हुकला तर दुसरी संधी ज्येष्ठात, पहिल्या पावसाच्या सुमारास.

आधी ओळखा: देशी की कलमी?

पाच पाकळ्यांची, मधून लांब दांडा बाहेर आलेली लाल फुलं देणारी जास्वंद ही देशी. ती फांदीपासून सहज रुजते, चिवट असते, वर्षभर फुलते. बशीएवढी मोठी फुलं देणारी झाडं बहुधा कलमी असतात. खुंट देशी आणि वर दुसरी जात बांधलेली.

कलमी झाड असेल तर बुंध्याशी वाकून कलमाचा जोड शोधा. तिथे गाठ दिसते किंवा सालीचा पोत बदलतो. जोडाच्या खालून आलेली फूट दिसेल तेव्हा मुळाशी कापायची. "आमच्या पिवळ्या जास्वंदीला लाल फुलं यायला लागली" असं लोक सांगतात, तेव्हा खालच्या खुंटाने वाढून वरचं कलम दाबून टाकलेलं असतं.

टप्पा १: ऊन मोजा

अंदाज नको. सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ पासून दर तासाला कुंडीपाशी जाऊन बघा, थेट ऊन पानांवर पडतंय का. उजेड वेगळा, ऊन वेगळं. एकूण ६ तास मिळाले तर उत्तम, ४ मिळाले तर देशी जास्वंद कशीबशी फुलेल, त्याहून कमी असेल तर पानं सुंदर दिसतील आणि कळ्या येणार नाहीत. अशा जागी कितीही खत घाला, फुलं येत नाहीत. तिथे जास्वंद ठेवू नका.

उत्तरेकडच्या बाल्कनीत हिवाळ्यात ऊन पूर्ण जातं. म्हणून मोजणी वर्षातून दोनदा करा, एकदा मार्गशीर्षात आणि एकदा चैत्रात.

विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात एप्रिल-मेमध्ये उलट अडचण येते. पारा ४२-४३ च्या वर गेला की दुपारच्या उन्हात कळ्या करपतात. तिथे १२ ते ४ या वेळात हिरव्या शेडनेटची सावली द्या, सकाळचं ऊन मात्र अडवू नका.

सावधान: जागा एकदा ठरली की कुंडी हलवू नका. कळ्या लागलेली कुंडी सजावटीसाठी दिवाणखान्यात आणली की दोन दिवसांत कळ्यांचा सडा पडतो.

टप्पा २: कीड काढा

जास्वंद ही भेंडी, कापूस आणि अंबाडीच्या कुळातली. त्यामुळे त्यांची कीड ती हिची कीड: पिठ्या ढेकूण, मावा, पांढरी माशी. गच्चीवर भेंडी लावलेली असेल तर जास्वंद तिच्यापासून शक्य तितकी लांब ठेवा.

सगळ्यात जास्त झाडं मारतो तो पिठ्या ढेकूण. पानाच्या बेचक्यात, कळीच्या देठाशी, कापसासारखा पांढरा पुंजका दिसतो. लोक वरवर फवारणी करतात, पुंजके कमी होतात, आणि दहा दिवसांनी दुप्पट येतात. याला दोन कारणं आहेत. एक, त्याच्या अंगावर मेणाचा थर असतो, साधं पाणी त्यावरून ओघळून जातं. दोन, पांढऱ्या कापसाच्या आत अंडी असतात, ती आज वाचली की आठवड्याभरात फुटतात.

म्हणून काम असं करा:

पहिल्या दिवशी मुरडलेले, गुच्छासारखे झालेले शेंडे कापा. असा शेंडा औषधाने पुन्हा सरळ होत नाही, त्याचा मोह सोडा. कापलेलं लगेच पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. कंपोस्टात किंवा कुंडीखाली ठेवलं तर कीड चालत परत येते.

मग पाण्याची जोरदार धार मारा, विशेषतः पानांच्या मागून. उरलेले पुंजके जुन्या टूथब्रशने किंवा स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. कुंडीच्या काठाखालची कडा आणि मातीचा वरचा थरही तपासा, तिथे हमखास लपलेले सापडतात.

त्याच संध्याकाळी १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १-२ मिली पातळ साबण घालून, ढवळून, लगेच फवारा. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, नुसतं तरंगतं. उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी हेच पुन्हा करा. दुसऱ्या फवारणीनंतर झाड स्वच्छ दिसतं आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. तिसरी आणि चौथी फवारणी ही नंतर फुटलेल्या पिलांसाठी असते.

तपासा: झाडावर मुंग्यांची रांग आहे का? पिठ्या ढेकणातून गोड चिकटा पाझरतो, तो मिळावा म्हणून मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याला नवीन फांद्यांवर नेऊन सोडतात. मुंग्या थांबल्याशिवाय कीड थांबत नाही. दूध-साखरेचा चहाचा चोथा कुंडीत टाकणारे आपण स्वतःच मुंग्यांना आमंत्रण देतो. फांद्या भिंतीला किंवा ग्रिलला टेकत असतील तर तेवढ्या कापा आणि कुंडी पाण्याच्या थाळीत मध्ये विटेवर ठेवा, बूड पाण्याला न लावता. थाळीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. पिठ्या ढेकणांमध्ये कधी कधी एक मोठा, झिपऱ्या मेणधाग्यांचा पांढरा किडा दिसतो, हात लावला की झटपट चालायला लागतो. तो बऱ्याचदा एका भुंगेऱ्याची अळी असतो आणि पिठ्या ढेकूण खाऊन जगतो. ढेकणांपेक्षा तिप्पट मोठा आणि चपळ दिसला तर त्याला मारू नका. अशी अळी दिसली तर मी फवारणी थांबवतो आणि आठवडाभर तिला काम करू देतो.

मुळातून झाडभर पसरणारी रासायनिक कीटकनाशकं मात्र मी जास्वंदीवर वापरत नाही. ही फुलं पूजेत हाताळली जातात, तेलात उकळली जातात, काही घरांत चहात पडतात.

टप्पा ३: छाटणी

जास्वंदीची कळी नव्या फुटीवरच येते. जुन्या, तपकिरी, उघड्या फांदीवर कळी कधीच येणार नाही. हे लक्षात घेतलं की "झाड उंच गेलं, फुलं फक्त टोकाला दोन" या तक्रारीचं उत्तर मिळतं. शेंडे जितके जास्त, कळ्या तितक्या जास्त. शेंडे वाढवायचे तर फांदी कापावीच लागते.

हत्यार: धारदार सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची खास कात्री. घरातली कात्री फांदी चिरडते आणि चिरडलेल्या टोकापासून फांदी खाली वाळत येते. प्रत्येक झाडानंतर पातं स्पिरिटने पुसा.

क्रम:

१. आधी वाळलेल्या फांद्या. शंका असेल तर नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर कापा.

२. मग आतल्या बाजूला वाढणाऱ्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या. झाडाच्या पोटात वारा खेळला पाहिजे, पिठ्या ढेकणाला दाटी आवडते.

३. मग उरलेल्या फांद्या एक तृतीयांशाने कमी करा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (कोंब फुटायच्या जागेच्या) अर्धा सेंटीमीटर वर तिरका काप द्या.

४. जाड फांदीच्या जखमेवर हळदीची घट्ट पेस्ट किंवा बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) लावा. बारीक फांद्यांना गरज नाही.

साधारण तीन आठवड्यांत नवे कोंब दिसतात. कोंबांना पाच-सहा पानं आली की टोक चिमटीने खुडा. हे करताना मन धजावत नाही, मला माहीत आहे, पण एका खुडणीने एका शेंड्याचे दोन-तीन होतात.

छाटणीपासून पहिल्या फुलापर्यंत दोन ते अडीच महिने धरा, आणि हाच हिशेब गणपतीसाठी लावा. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे शेवटची छाटणी जूनच्या अखेरीपर्यंत उरकली पाहिजे. पंधरा दिवसांवर गणपती आले असताना "झाड नीट दिसावं" म्हणून केलेली छाटणी म्हणजे सगळ्या कळ्या स्वतःच्या हाताने काढून टाकणं.

सावधान: जुलैच्या झडीत मोठी छाटणी करू नका. सततच्या ओल्याने काप सुकत नाही आणि फांदी कुजत खाली येते.

टप्पा ४: कुंडी आणि माती

लहान रोपाला १२ इंची, तीन वर्षांवरच्या झाडाला १४ ते १६ इंची कुंडी पुरते. तळाला तीन-चार भोकं हवीत.

मिश्रण: दोन भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड. नुसती काळी माती कधीच नको. पावसात ती चिखल होते आणि उन्हाळ्यात आवळून मुळं तोडते. कोकण, गोवा, मुंबईकडे पाऊस सलग पडतो, तिथे मिश्रणात विटांचा चुराही घाला.

दर दोन वर्षांनी कुंडी बदला किंवा त्याच कुंडीत माती बदला. आदल्या दिवशी पाणी द्या म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटत नाही. बाहेर काढल्यावर मुळं गोल फिरून जाळं झालेली दिसतील. बाजूने आणि तळातून दोन बोटं जाडीचा थर कापून काढा, नव्या मिश्रणात बसवा, हलक्या हाताने दाबा. बुंधा आधी होता त्याच पातळीवर राहिला पाहिजे.

मुळं कापली की वरचा पसाराही त्याच दिवशी कमी झाला पाहिजे. म्हणून छाटणी आणि मातीबदल एकत्र करतात. मुळं निम्मी आणि पानं पूर्ण, असं ठेवलं तर झाड माना टाकतं. यानंतर आठवडाभर सकाळचंच ऊन, आणि तीन-चार आठवडे खत अजिबात नाही.

तपासा: कुंडीत १ लिटर पाणी ओता. मिनिटाभरात तळातून धार आली तर ठीक. पाणी वर तळं करून राहिलं तर आत्ताच पुन्हा काढा आणि नीट भरा. पावसाळ्यात ही चूक महागात पडते.

टप्पा ५: पाणी

बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर तळातून बाहेर येईपर्यंत पाणी द्या, ओलं लागलं तर परत या. रोज अर्धा तांब्या घालण्याची सवय वाईट, त्यात वरची माती ओली आणि खालची मुळं तहानलेली राहतात. उन्हाळ्यात कदाचित दिवसातून दोनदा द्यावं लागेल, झडीत आठवडाभर एकदाही नाही. पावसाळ्यात कुंडीखालच्या बश्या काढून ठेवा.

गावाला जाताना एकदाच भरपूर पाणी घालून निघालं तर चालेल असं वाटतं. मे महिन्यात चालत नाही. शेजाऱ्यांना किल्ली द्या, किंवा कुंडी सावलीत सरकवून मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर घाला. परत आल्यावर कळ्या गळलेल्या दिसतील, पण झाड वाचेल.

टप्पा ६: आता खत

नव्या कोंबांना पानं आल्यावर सुरू करा. महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत, वरची माती उकरून. कळ्या दिसू लागल्या की दर पंधरा दिवसांनी १ लिटर पाण्यात १ ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश. कोरड्या मातीत खत घालू नका, आधी पाणी द्या.

जास्वंदीला पालाश (पोटॅशियम) भरपूर लागतं, स्फुरद (फॉस्फरस) कमी. "फुलांसाठी" म्हणून पुन्हा पुन्हा बोनमील (हाडांचा चुरा) किंवा डीएपी ही स्फुरदाची खतं घालणाऱ्यांची झाडं हळूहळू पिवळी पडतात, कारण साठलेलं स्फुरद लोहासारखी द्रव्यं झाडाला उचलू देत नाही. आणि नुसतं युरिया घातलं तर पानं कोवळी लुसलुशीत होतात, मावा तिथे आधी पोचतो.

पिवळेपणा वाचायला शिका. खालची जुनी दोन-चार पानं पिवळी होऊन गळली तर ते चालायचंच. सगळीच खालची पानं एकदम पिवळी झाली तर पाणी तपासा. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं तर लोहाची कमतरता आहे. बोअरवेलच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या झाडांत हे फार दिसतं. चिलेटेड लोहाची (झाडाला सहज उचलता येणाऱ्या रूपातल्या लोहाची) पाकिटावरच्या निम्म्या प्रमाणात फवारणी करा आणि जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी द्या.

टप्पा ७: तरीही कळी गळते, तेव्हा

गळलेली कळी फेकू नका, उचलून बघा. कळीच्या देठाला मध्ये एक सांधा असतो. कळी त्या सांध्यातून सुटली असेल तर झाडाने स्वतः सोडली आहे. देठ दुसरीकडे तुटलेला किंवा कुरतडलेला असेल तर खार, पक्षी नाहीतर अळी.

सांध्यातून सुटलेली, वाटाण्याएवढी, हिरवी कळी: तहान, अचानक ऊन किंवा कुंडी हलवणं. मागचे चार दिवस आठवा, कारण सापडतं.

मोठी, लाल टोक दिसू लागलेली, पण पिवळी पडून गळलेली कळी: ब्लेडने उभी चिरा. आत बारीक पांढुरक्या अळ्या किंवा सुईच्या टोकाएवढे फुलकिडे दिसले तर रोज सकाळ-संध्याकाळ गळलेल्या आणि पिवळ्या पडलेल्या सगळ्या कळ्या गोळा करून पिशवीत बंद करा. अळ्या मातीत उतरून पुन्हा माशी होऊन येतात, म्हणून वेचणं फवारणीपेक्षा महत्त्वाचं. तीन आठवडे नेमाने करा, मध्ये एक दिवसही चुकवू नका.

फक्त श्रावणातच गळत असेल: ऊन नाही आणि मुळाशी पाणी साचतंय. भोकं तपासा. ऊन परतलं की कळ्या टिकू लागतात.

नर्सरीतून आणल्यावर आठवड्यातच सगळ्या गळल्या: झाड शेडनेटखालून तुमच्या उन्हात आलंय. तीन आठवडे काहीही करू नका. खत नाही, कुंडी बदलणं नाही.

टप्पा ८: थंडी

जास्वंद थंडीला नाजूक आहे. रात्रीचा पारा १० अंशांखाली गेला की वाढ थांबते, दहिवराने (गोठलेल्या दवाने) कोवळे शेंडे काळे पडतात. मुंबई-कोकणात याची काळजी नको. निफाडकडे, जिथे थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्या आसपास येतो, तिथे कुंडी दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी सरकवा, रात्री जुन्या साडीने झाका आणि पाणी कमी करा. या दिवसांत छाटणी नाही, खत नाही.

परदेशात थंड मुलखात राहणाऱ्यांनी बर्फाची वाट बघू नये. रात्री १० अंश दिसायला लागले की कुंडी आत. आत आणण्याआधी टप्पा २ पूर्ण करा, कारण घरात एकदा कीड आली की तिला थांबवणारं काही नसतं. हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) होतो, त्यासाठी आठवड्यातून एकदा झाडाला न्हाणीघरात शॉवरखाली धरा. पानं बरीच गळतील, घाबरू नका, नखाने साल खरवडून बघा.

तिथल्या दुकानांत जास्वंदीच्या नावाने दोन वेगळी झाडं मिळतात. जी थंडीत पानं झाडते आणि बर्फातही जगते ती दुसरी जात, तिला थंडी लागतेच, तिला घरात आणू नका. आपली लाल जास्वंद चकचकीत, गडद हिरव्या पानांची.

वसंतात शेवटचं दहिवर होऊन गेलं की झाड बाहेर न्या, पण एकदम उन्हात नको. तीन दिवस पूर्ण सावली, मग चार-पाच दिवस फक्त सकाळचं ऊन, मग कायमची जागा. त्याच आठवड्यात सिकेटर पुसून घ्या आणि टप्पा ३ पासून पुन्हा सुरुवात करा.